शेअर बाजार आणि आपली नाडी

गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ माझ्या दवाखान्यात आले. रेल्वेतून निवृत्त झालेले, वय ६७. रक्तदाबाच्या गोळ्या अनेक वर्षे चालू, पथ्य चोख, रोज सकाळी उल्हास नदीच्या पुलापर्यंत फेरफटका. तक्रार अशी की, पहाटे तीनच्या सुमारास दचकून जाग येते, छातीत धडधडते आणि मग झोप लागत नाही. ईसीजी काढला. रक्त, साखर, थायरॉईड तपासून घेतले. सारे काही वयाला साजेसे होते. मी त्यांना घरीच सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजून तारीख-वारासह वहीत लिहून आणायला सांगितले.

तीन आठवड्यांनी ती वही घेऊन ते आले. अक्षर मोत्यासारखे. एरवी १३६, १३८ असा राहणारा वरचा आकडा आठवड्यातल्या एका दिवशी १७०च्या आसपास चढलेला दिसत होता. तिन्ही आठवड्यांत वार एकच. मी विचारले, "काका, या वारी काय असते?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग बाहेरच्या बाकावर बसलेल्या काकूंकडे एकदा पाहिले, दार लोटून घेतले आणि म्हणाले, "डॉक्टर, त्या दिवशी एक्सपायरी असते."

ज्यांना हा शब्द अपरिचित आहे त्यांच्यासाठी सांगतो. शेअर बाजारात ‘ऑप्शन’ नावाचे सौदे होतात. या सौद्यांना मुदत असते. मुदत संपेपर्यंत भाव अपेक्षित दिशेला गेला नाही, तर सौदा विकत घेणाऱ्याने भरलेली सगळी रक्कम बुडते. मुदत संपण्याचा तो दिवस म्हणजे एक्सपायरी. काकांचे निवृत्तीच्या रकमेपैकी सात लाख रुपये दीड वर्षात असे गेले होते आणि ही गोष्ट घरात कोणालाही ठाऊक नव्हती. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. ही हकिगत मी त्यांच्या संमतीनेच लिहीत आहे.

वाचकहो, मी वैद्यकीचा माणूस. कोणता शेअर घ्यावा, कोणता विकावा, हे सांगण्याचा मला अधिकार नाही आणि या लेखाचा तो हेतूही नाही. परंतु गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या ज्येष्ठांच्या हातातल्या मोबाईलवर हिरवे-तांबडे आकडे मी वारंवार पाहतो आहे. कोणाची जमीन फार्महाऊससाठी विकली गेली, कोणाला ग्रॅच्युइटी मिळाली, कोणाला मुलाने अॅप बसवून दिले. म्हणूनच पैसा मिळतो की जातो, याच्या पलीकडे बाजार आपल्याला काय शिकवतो, याचा विचार आरोग्याच्या पाक्षिकात व्हायला हवा असे मला वाटते.

आपल्याच तालुक्यातली पाठशाळा

आपल्यापैकी अनेकांना कल्पना नसेल; पण भांडवली बाजाराचे शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था आपल्या शेजारीच, खालापूर तालुक्यात, पाताळगंगा औद्योगिक वसाहतीजवळ मोहोपाड्याला आहे. बाजाराचे नियमन करणाऱ्या ‘सेबी’ने स्थापन केलेल्या या संस्थेचे नाव नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सिक्युरिटीज मार्केट्स. तिच्या मोहोपाडा येथील संकुलाचे उद्घाटन २४ डिसेंबर २०१६ रोजी झाले. या व्यवसायातली अनेक कामे करू पाहणाऱ्यांना या संस्थेच्या परीक्षा द्याव्या लागतात. आपण मात्र चहा निवेपर्यंत खाते उघडतो आणि लगेच सौदा करतो.

याचा परिणाम सेबीच्याच आकड्यांतून दिसतो. सप्टेंबर २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्सचे व्यवहार करणाऱ्या १०० वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ जणांना तोटा झाला. या सर्वांचा एकत्रित निव्वळ तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. शेअर सकाळी घेऊन त्याच दिवशी विकण्याच्या, म्हणजे इंट्राडेच्या, व्यवहारांचाही सेबीने वेगळा अभ्यास केला. त्यात २०२२-२३मध्ये दहापैकी सात जण तोट्यात असल्याचे आढळले. चांगल्या कंपन्यांचे शेअर किंवा म्युच्युअल फंड घेऊन वर्षानुवर्षे ठेवणे ही गोष्ट निराळी. एकाला शेती म्हणावे, तर दुसऱ्याला जत्रेतला फिरता पाट. दोन्हींना आपण ‘शेअर बाजार’ हे एकच नाव देतो, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

पहिला धडा: भीतीची मोजदाद

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९मध्ये एक महत्त्वाचा सिद्धान्त मांडला. त्याचे सार असे की, शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर रुपये गमावल्याचे दुःख अधिक तीव्र असते. पुढच्या संशोधनात ते साधारण दुप्पट असल्याचे दिसून आले. कानेमन यांना २००२मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

हा सिद्धान्त मी पुस्तकात वाचला होता. तो मला खऱ्या अर्थाने कळला सोमवार, २३ मार्च २०२० रोजी. आदल्या दिवशी जनता कर्फ्यू झाला होता. दवाखान्यात मी मास्क लावून प्रत्येक रुग्णाला "घाबरू नका, घाबरून निर्णय घेऊ नका" असे सांगत होतो. त्या दिवशी सेन्सेक्स ३,९३४ अंकांनी कोसळला, म्हणजे सुमारे १३ टक्के. दोन रुग्णांच्या मधल्या वेळात मी मोबाईल उघडला आणि बारा वर्षे जपलेले शेअर विकून टाकले. त्या दिवशी २५,९८१वर बंद झालेला सेन्सेक्स वर्षअखेरीस ४७,७५१वर पोहोचला होता.

नुकसान किती झाले, ते सोडून देऊ. मला खरी बोच लागली ती वेगळ्याच गोष्टीची. जो सल्ला मी दिवसाला चाळीस लोकांना देत होतो, तो मी स्वतः घेतला नव्हता. भीती वाटली की माझा हात काय करतो, हे वयाच्या पन्नाशीपर्यंत मला ठाऊक नव्हते. ते बाजाराने दाखवले. तेव्हापासून तपासणीचा अहवाल हातात धरून घाबरलेल्या रुग्णाला मी "आज काहीच ठरवू नका, उद्या घरच्यांना घेऊन या" असे सांगतो. हा सल्ला मी त्या सोमवारी शिकलो.

दुसरा धडा: हात आवरणे

ब्रॅड बार्बर आणि टेरेन्स ओडीन या अमेरिकी संशोधकांनी ६६,४६५ कुटुंबांच्या खात्यांचा १९९१ ते १९९६ या काळातला अभ्यास केला. बाजाराने त्या काळात वर्षाला सरासरी १७.९ टक्के परतावा दिला. सर्वाधिक उलाढाल करणाऱ्या कुटुंबांच्या पदरी मात्र ११.४ टक्केच पडले. पुढच्या एका अभ्यासात त्यांना असेही आढळले की, पुरुष स्त्रियांपेक्षा ४५ टक्के अधिक व्यवहार करत होते आणि त्यापायी आपले नुकसानही अधिक करून घेत होते. सेबीच्या इंट्राडे अभ्यासातही वर्षाला ५००हून अधिक व्यवहार करणाऱ्यांत तोट्यात असलेल्यांचे प्रमाण ८० टक्के होते.

आपल्या भागात हे समजावून सांगायला फार कष्ट पडत नाहीत. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने तयार केलेली ‘कर्जत’ नावाची वाणे आपल्या खाचरांत वर्षानुवर्षे पिकत आहेत. लावणी झाल्यावर मूळ धरले की नाही हे पाहण्यासाठी रोज रोप उपटून बघणारा शेतकरी मी अजून पाहिलेला नाही. बांध सांभाळायचा, पाण्याकडे लक्ष ठेवायचे, तण काढायचे आणि बाकीचे काम दिवसांवर सोपवायचे, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. तोच माणूस जमिनीचे पैसे हाती आल्यावर दिवसातून पन्नास वेळा भाव पाहतो.

वैद्यकीतही असेच आहे. साध्या विषाणूजन्य तापाचा रुग्ण दुसऱ्याच दिवशी "एक सुई द्याच" म्हणून हटून बसतो. तिथे सुई न देता तीन दिवस लक्ष ठेवणे हाच उपचार असतो. काहीतरी करत राहिल्याने परिस्थिती आपल्या ताब्यात आहे असे वाटते. ती ताब्यात असतेच असे नाही.

तिसरा धडा: तोटा मान्य करणे

हा धडा सर्वांत कठीण. फायद्यातला शेअर आपण घाईने विकतो आणि तोट्यातला मात्र "भाव परत येईल" म्हणून छातीशी धरून ठेवतो. या सवयीचे वर्णन हर्श शेफ्रिन आणि मायर स्टॅटमन यांनी १९८५मध्ये केले. विकला नाही तोवर तोटा कागदावरचा असतो. विकला की आपण चुकलो हे कबूल करावे लागते. सेबीच्या २०२४च्या अभ्यासात सलग दोन वर्षे तोटा सोसूनही फ्युचर्स-ऑप्शन्सचे व्यवहार चालू ठेवणाऱ्यांचे प्रमाण ७५ टक्क्यांहून अधिक होते.

मधुमेही रुग्णाच्या पायाला झालेली जखम मला आठवते. ती बारीक असताना मोज्याखाली लपवली जाते. "आपोआप भरेल" असे म्हणत तीन आठवडे जातात आणि मग बोट वाचवायचे की पाऊल, असा प्रश्न उभा राहतो. लपवलेली जखम आणि लपवलेला तोटा यांचा स्वभाव एकच. दोन्ही उघडे करण्याची लाज वाटते आणि दोन्ही झाकल्याने वाढतात.

शरीर काय सांगते?

लंडनमधल्या १७ व्यावसायिक ट्रेडर्सवर झालेला एक अभ्यास २००८मध्ये प्रसिद्ध झाला. बाजार जितका अस्थिर, तितके त्यांच्या शरीरातले कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढलेले आढळले. कॅलिफोर्नियातल्या रुग्णालयांच्या १९८३ ते २०११ या काळातल्या नोंदींवरून असे दिसले की, शेअर बाजार कोसळतो त्याच दिवशी रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या वाढते आणि त्यात चिंता व घबराटीसारख्या मानसिक तक्रारी विशेष असतात. साठीपुढच्या, रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या व्यक्तीला रोजचा असा ताण परवडणारा नाही.

म्हणून पुढील गोष्टींकडे लक्ष असू द्यावे. बाजार सकाळी सव्वानऊला उघडतो आणि दुपारी साडेतीनला बंद होतो. त्या वेळेत जेवण किंवा औषधाची वेळ चुकते का? भाव पाहिल्यावर हाताला घाम, पोटात खड्डा, मानेत ताठरपणा जाणवतो का? पहाटे जाग येते का? घरच्यांवर विनाकारण खेकसणे होते का? यांपैकी दोन-तीन गोष्टी असतील, तर आपली गुंतवणूक आपल्या प्रकृतीला मानवत नाही असे समजावे, मग ती फायद्यात का असेना. मात्र छातीत दाब, घाम, धाप किंवा हाताकडे अथवा जबड्याकडे जाणारी कळ असेल, तर "बाजाराचा ताण असेल" असे म्हणत घरी बसू नये. तातडीने रुग्णालय गाठावे. आणि ताण ओळखला म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या मनाने बंद करू नयेत.

सांभाळ करणाऱ्यांसाठी

मुला-मुलींनो, सुनांनो, आता थोडे तुमच्याशी बोलतो.

पैशाच्या व्यवहारातले बदल हे कधी कधी स्मृतिभ्रंशाचे फार लवकर दिसणारे लक्षण असते. अमेरिकेत ज्येष्ठांच्या नोंदींवरून झालेल्या आणि २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पुढे स्मृतिभ्रंशाचे निदान झालेल्या व्यक्तींची बिले निदानाच्या सहा वर्षे आधीपासून थकू लागल्याचे आढळले. आयुष्यभर पै-पैचा हिशेब ठेवणारे वडील तोच व्यवहार दोनदा करू लागले, वीजबिल विसरू लागले, अनोळखी माणसाच्या फोनवर विश्वास ठेवून पैसे पाठवू लागले, तर "वय झाले" म्हणून सोडून देऊ नका. भांडूही नका. त्यांना डॉक्टरांकडे घेऊन या.

विचारण्याची रीत महत्त्वाची आहे. "बाबा, तुम्ही किती बुडवलेत?" या प्रश्नाने दार बंद होते. "बाबा, माझे खाते कसे ठेवायचे ते जरा दाखवा, तुमचेही बघू या" असे म्हटले की दोघेही एका बाजूला बसतात. तोटा कळल्यावर पहिल्या दिवशी फक्त ऐकून घ्या. निवृत्त माणसाला पैशापेक्षाही आपला शब्द घरात चालतो ना, याची चिंता अधिक असते. निराशेचे किंवा जीव नकोसा झाल्याचे बोलणे कानावर आले, तर ते गंभीरपणे घ्या आणि त्या व्यक्तीला एकटे सोडू नका. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतो. ऑनलाइन फसवणूक झाली असेल, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवा. तिथे प्रत्येक तास मोलाचा असतो.

काही साध्या गोष्टी घरात आजच ठरवता येतील.

• औषधोपचार, दोन वर्षांचा घरखर्च आणि आरोग्यविम्याचा हप्ता यांची रक्कम बाजाराबाहेर, बँकेत किंवा टपाल खात्यात असावी.

• उसने घेऊन, दागिने गहाण ठेवून किंवा घर तारण ठेवून गुंतवणूक करू नये.

• हौस भागवायची असेल, तर "गेली तरी जेवणाची चव बदलणार नाही" एवढीच रक्कम वेगळी ठेवावी आणि ती संपल्यावर भर घालू नये.

• डीमॅट आणि बँक खात्यांवर नॉमिनीची नोंद आहे ना, हे पाहावे. सर्व खात्यांची यादी एका वहीत लिहून ती कुठे आहे हे जोडीदाराला सांगावे. पासवर्ड आणि ओटीपी मात्र फोनवर कोणालाही सांगू नयेत.

• सल्ला घ्यायचा तर सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराचाच घ्यावा. खात्रीशीर नफ्याचे आश्वासन देणारा व्हॉट्सअॅपवरचा गट तत्काळ सोडावा.

• एका रात्रीची झोप झाल्याशिवाय आणि घरातल्या एका माणसाला सांगितल्याशिवाय मोठा व्यवहार करू नये.

घाटातून गेलेला कापूस

हे सारे नवे आहे असेही नाही. १८६१मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६३मध्ये आपल्या बोरघाटातून आगगाडी धावू लागली आणि देशावरचा माल कर्जतवरून मुंबईकडे उतरू लागला. त्या पैशाने मुंबईत शेअरचे वेड माजले. १८६५मध्ये युद्ध थांबले, कापसाचे भाव कोसळले, बॅक बे भराव कंपनीच्या शेअरना कोणी विचारेना आणि असंख्य घरे बसली. त्या सट्ट्याचे मोठे नाव म्हणजे प्रेमचंद रायचंद. तेही त्यात पोळले. परंतु भरभराटीच्या काळात त्यांनी मुंबई विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला, त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर आजही वेळ दाखवतो. आज त्या शेअरचा भाव कोणाला आठवत नाही.

आता काकांकडे परत येतो. त्या दिवशी मी त्यांच्या चिठ्ठीवर एकही नवी गोळी लिहिली नाही. एवढेच म्हणालो, "काकूंना आत बोलावू का? तुम्ही सांगा, मी इथेच बसतो." त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग थोड्या वेळाने स्वतःच उठून दार उघडले. सांगून झाल्यावर काकू काही क्षण काहीच बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, "सात लाखांचं नंतर बघू. रात्री उठून अंधारात बसता, तेव्हा मला वाटायचं तुम्हाला काहीतरी मोठा आजार आहे आणि तुम्ही तो माझ्यापासून लपवताय."

गेलेले पैसे परत आलेले नाहीत आणि येणारही नाहीत. नातीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या रकमेला हात लागला होता. तो खड्डा भरून काढायला त्यांना आता काही वर्षे काटकसर करावी लागेल. ऑप्शनचे खाते बंद झाले. दोन-तीन जुन्या कंपन्यांचे शेअर तेवढे आहेत आणि त्यांचा भाव महिन्यातून एकदा, दोघांनी मिळून, दुपारच्या चहाबरोबर पाहायचा असे ठरले आहे. वही अजून चालू आहे. फक्त आता अक्षर काकूंचे असते. मागच्या भेटीत मी ती उघडली आणि सवयीने त्या वाराचा आकडा शोधला. तो १३८ होता, आदल्या दिवसासारखाच.

पुढच्या वेळी आपल्या डॉक्टरांकडे रक्तदाबाची वही न्याल, तेव्हा आकड्याशेजारी वार अवश्य लिहा. आणि एखाद्या वारी आकडा चढत असेल, तर त्या दिवशी काय असते, हे विचारण्यापूर्वीच सांगा.